कानातलं लेणं

मराठीत लेणं या शब्दाला दोन घरं आहेत, एक अंगावर आणि एक डोंगरात. कुडी, बुगडी, भिकबाळी ही कानातली लेणी. वेरूळ, अजिंठा, पितळखोरा ही डोंगरातली. दोघांची कुळं वेगळी. अंगावरचं लेणं धारण करण्याच्या ‘लेणे’ या क्रियापदातून आलं, डोंगरातलं संस्कृत ‘लयन’मधून, शिलालेखांच्या प्राकृतातल्या ‘लेण’चं बोट धरून. भाषेनं दोघांना एकाच उच्चारात आणून बसवलं, पण त्यांची रीत नेमकी उलटी आहे. दागिना म्हणजे होतं त्यात घातलेली भर. लेणं म्हणजे होतं त्यातून काढलेला दगड. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळी वेरूळचं कैलास कोरलं गेलं तेव्हा कळस आधी झाला आणि जोतं शेवटी, कारण तिथे काही रचायचं नव्हतंच, नको तेवढं काढायचं होतं. आज छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटला दोन-तीनशे रुपयांत इअरफोन मिळतो, आणि याच शहरात काही हौशी माणसं हेडफोनच्या एका जोडीसाठी दुचाकीच्या किमतीएवढे पैसे मोजतात. कानावर चढवायची वस्तू म्हणून हेडफोन पहिल्या जातीचं लेणं वाटतो. माझं म्हणणं असं की त्याच्यावर पैसे घालावेत ते दुसऱ्या जातीचं लेणं म्हणूनच.

हे पटायला वेरूळच्या दहाव्या लेण्यात उभं राहावं लागतं. ‘सुताराची झोपडी’ म्हणून ओळखलं जाणारं हे चैत्यगृह साधारण २६ मीटर लांब आहे. दोन्ही अंगांना अष्टकोनी खांबांच्या रांगा, वर लाकडी वाशांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या दगडी फासळ्या, आणि टोकाला स्तूपापुढे बसलेला बुद्ध. इथे दाराशी टाळी वाजवली तर तो आवाज पलीकडच्या टोकाला जाऊन परत यायला पन्नास मीटरचा प्रवास करतो, म्हणजे सेकंदाचा साधारण सातवा भाग घेतो. तेवढ्या वेळात खांब, फासळ्या, कमान, स्तूप असे सगळे आपापला वाटा परत पाठवत असतात, आणि एक टाळी शंभर ठिकाणांहून, शंभर वेळांनी कानाशी पोचते. लांबवलेला स्वर तर तिथे सोडणाऱ्याचा राहतच नाही, डोंगर तो हातात घेतो. आपण ज्याला आवाज म्हणतो त्यातला मोठा हिस्सा जागेचा असतो ही गोष्ट इतर ठिकाणी समजावून सांगावी लागते. इथे ती कानांनाच कळते.

जागेचा हा वाटा वेरुळात वरदान आहे, तर सिडकोतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तोच शाप ठरतो. समोरासमोरच्या भिंतींमध्ये बारा फूट अंतर असलं की ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज आणि त्याच्या पटीतले, ९४ वगैरे, त्या अंतरात अडकून फुगतात. डग्ग्याचा घुमारा याच मुलखातला. त्यामुळे उत्तम स्पीकर आणून ठेवला तरी खोलीच्या एका कोपऱ्यात डग्गा ढोलासारखा बोलतो, आणि दोन पावलं सरकलं की तोच मुका होतो. फरशी, काचेची खिडकी आणि लोखंडी कपाट मिळून तंतुवाद्यांना वेगळीच किनार लावतात, ती वेगळी. शिवाय बाहेरचं शहर असतंच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे; जालना रोडकडे खिडकी असलेल्या घरात हे आकडे कागदावरच राहतात. अशा घरात ध्वनिमुद्रण ऐकणं म्हणजे एका जागेवर दुसरी जागा थापणं. ज्या दिवाणखान्यात, सभागृहात किंवा स्टुडिओत गाणं मुद्रित झालं तिथली हवा खाली दबलेली असते आणि आपल्या फरशीची, खिडकीची, रस्त्याची हवा तिच्यावर बसलेली असते. हेडफोन ही वरची हवा काढून टाकतो. कानापासून बोटभर अंतरावर पडदा हलतो, मध्ये भिंत नाही, कोपरा नाही, कपाट नाही. कानाच्या नळीत बसणारे इन-इअर तर रस्त्यालाही दाराबाहेर ठेवतात. त्यांच्यातले ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ जातीचे आवाज काढणारे इवलेसे ड्रायव्हर श्रवणयंत्रांच्या धंद्यातून आले आहेत, हे त्यांच्या कामाला साजेसंच आहे. ऐकणाऱ्याची खोली कोरून काढली की आत उरते ती गाणाऱ्याची खोली. हेडफोनला लेणं म्हणायचं ते या अर्थानं.

हे किती बारीक काम आहे हे तंबोऱ्यावर दिसतं. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित उतरता असतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावलेली असते. तार छेडली की ती त्या उतारावर घासत, टेकत, सुटत थरथरते, आणि मूळ स्वराची शक्ती वरच्या उपस्वरांकडे वाहत राहते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिलं की साध्या तारेच्या नियमानं जे उपस्वर उमटायला नकोत तेही या वाद्यात उमटतात. खर्जाच्या तारेतून कुणी न वाजवलेला गांधार ऐकू येतो, ज्याला गवई स्वयंभू गांधार म्हणतात, तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. आता हाच तंबोरा स्वस्त इअरफोनवर ऐकावा. गायकामागे एक भुरभुरणारी, एकसंध पट्टी ऐकू येते, पंख्याच्या आवाजासारखी. चांगल्या, मागून उघड्या जाळीच्या हेडफोनवर तीच पट्टी उकलते. बोट तारेवरून सुटल्याचा क्षण, मग षड्ज, मग त्याच्या अंगावरून वर चढत जाणारी उपस्वरांची कमान, आणि पुढची तार छेडली जाण्याआधी हलकेच डोकावून गेलेला गांधार. पडदा पुरेसा हलका असेल आणि कान झाकणाऱ्या पेल्याच्या आत परावर्तन साचत नसेल तरच हे जमतं. १९६८ साली सेनहायझर कंपनीनं मागून उघडा एचडी ४१४ हेडफोन बाजारात आणला, तेव्हा त्यातली युक्ती हीच होती: पडद्याच्या मागचा आवाज डबीत कोंडायचा नाही, बाहेर जाऊ द्यायचा. त्याआधी १९६० साली जपानच्या स्टॅक्सनं दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मध्ये विद्युतभारित पातळ पापुद्रा ताणून तो हलवायला सुरुवात केली होती. या शर्यतीतली प्रत्येक चांगली सुधारणा काही ना काही काढून टाकण्याची आहे: वजन, कोंडमारा, पडद्याची स्वतःची थरथर.

मग महाग तेवढं चांगलं असं का नाही, हा पहिला आक्षेप, आणि तो खरा आहे. ब्रेबार्ट नावाच्या संशोधकानं पावणेतीनशेहून अधिक हेडफोनांची मापं घेऊन २०१७ साली निष्कर्ष मांडला की कोणत्या स्वराला किती उठाव मिळतो याचा आणि किमतीचा काही संबंध दिसत नाही. म्हणजे किमतीतला बराचसा पैसा आवाजाच्या तोलात नाही, लाकडी पेल्यात, कातडी गादीत, पेटीच्या बिजागरीत गेलेला असतो. सेनहायझरच्याच एचई १ या जोडीचा अॅम्प्लिफायर कॅरारा संगमरवराच्या ठोकळ्यात बसवलेला आहे. तिथे दगड काढलेला नाही, आणून लावलेला आहे. संगमरवराचं मोल या शहराला सांगायला नको. बीबी का मकबऱ्याचा घुमट संगमरवरी आहे, पण खालच्या भिंतींवर बऱ्याच ठिकाणी चुन्याचा गिलावा, तरी इमारतीचा डौल गिलाव्यानं मोडलेला नाही. हेडफोनचंही तसंच. साध्यातून चांगल्याकडे जाताना पहिल्या काही हजार रुपयांत मोठा डोंगर उतरतो, आणि लाखाच्या पुढे मोजलेल्या पैशाला चिमूटभर भुसा पडतो. तेव्हा हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, पुष्टीच देतो. किंमत हे पहिल्या जातीच्या लेण्याचं माप आहे. दुसऱ्या जातीचं माप वेगळं: किती निघालं? पैठणीची पारख करणारी बाई पदराची उलटी बाजू बघते, कारण खऱ्या पैठणीची नक्षी दोन्हीकडे सारखी उतरते. हेडफोनची पारखही उलट्या बाजूनं करावी. तबल्याची थाप सगळेच वाजवून दाखवतात. थापेनंतर विरत जाणारी आस कुठपर्यंत ऐकू येते ते पाहावं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. हेडफोन श्रोत्याची खोली काढतो खरी, पण तिच्याबरोबर समोरही काढून टाकतो. स्पीकरच्या डाव्या पेटीचा आवाज उजव्या कानालाही मिळतो, डोक्याला वळसा घालून, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिरानं. त्या उशिरावरून आणि कानाच्या पाळीच्या वळणांवरून मेंदू दिशा ओळखतो. हेडफोनवर डावं डाव्याला, उजवं उजव्याला, आणि गायक थेट कपाळाच्या आत. याच शहराच्या डोंगरात, मकबऱ्याच्या मागच्या औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात, गाभाऱ्याच्या भिंतीवर एक नर्तिका कोरली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या वादक स्त्रिया. प्रत्येकीची जागा ठरलेली आहे. नर्तिकेपासूनचं तिचं अंतर, तिची बैठक, मानेचा कल यांतून डोळ्यांनाच कळतं की कुठला आवाज कुठून येत असेल. हेडफोनचे शौकीन ज्याला ‘साउंडस्टेज’ म्हणतात ते हेच, आणि ते देण्यात बहुतेक हेडफोन या मुक्या दगडापेक्षा मागे आहेत हे कबूल करायला हवं. उघड्या जाळीचे, कानापासून दूर, तिरका पडदा बसवलेले हेडफोन हे अंतर थोडं भरून काढतात, पूर्ण नाही. लेणं कोरतानाही डोंगराचा आकार हातचा जातोच. प्रश्न एवढाच की गेलेल्यापेक्षा मिळालेलं मोठं आहे का. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्यासाठी ते बहुतेकदा मोठं असतं.

एक आक्षेप जुन्या गाण्याच्या बाजूनं येतो. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत सूर्यमालेबाहेर निघाली. ते साडेतीन मिनिटांचं मुद्रण महागड्या हेडफोनवर ऐकलं तर बाईंचा आवाज फार सुधारत नाही, तबकडीची खरखर मात्र धारदार होते. मग उपयोग काय? उपयोग असा की हेडफोन खोटं बोलत नाही. जे मुद्रित झालंच नाही ते तो देणार नाही, आणि जे झालं ते लपवणारही नाही. आज आपण बरंच गाणं मोबाईलवर, दाबून लहान केलेल्या स्वरूपात ऐकतो; तिथेही उत्तम जोडीचं काम इतकंच की कुठे काय कापलं गेलं ते दाखवणं. जिथे मूळ खोलीच नाही तिथे कोरायला डोंगर कुठून आणणार?

सगळ्यात जुना आक्षेप एकटेपणाचा. भजन, कीर्तन, मैफल यांत वाढलेल्या माणसाला कान झाकून बसणं हे गाण्याशी केलेलं वैर वाटतं. यावर उत्तर वेरूळच देतं. तिथल्या पहिल्या बारा बौद्ध लेण्यांत चैत्यगृह एकच आहे, ते दहावं. बाकी सगळे विहार, आणि विहाराच्या पोटात भिक्षूंसाठी कोरलेल्या लहान लहान खोल्या. एकत्र म्हणायला एक मोठी जागा आणि एकट्यानं मुरवायला कितीतरी लहान जागा, असा तो हिशेब आहे. हेडफोन ही विहारातली खोली. तिच्यात राहण्याचे नियमही असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास ऐकणं चालतं, ९० ला मात्र चारच. रस्त्याच्या गोंगाटावर मात करायला आवाज चढवणं म्हणजे भिंत फोडून खोली मोठी करणं. बाहेरचं अडवणारी चांगली जोडी इथे खऱ्या अर्थानं किमतीला जागते, कारण तिच्यात हळू ऐकता येतं.

पण विहारात राहणाऱ्याला चैत्यात जावं लागे, हे विसरून चालणार नाही. हेडफोन बरा की वाईट हे ठरवायला कानात आधी काहीतरी साठलेलं लागतं: जवळून ऐकलेला तंबोरा, डग्ग्याची खरी आस, मैफलीत गायकानं घेतलेला श्वास. ते दुकानात मिळत नाही आणि मापाच्या आलेखातही नसतं. ज्याच्याकडे ते नाही त्याच्यासाठी लाखाची जोडीही कानातली कुडीच राहते, दुसऱ्यांनी बघावी अशी. ज्याच्याकडे ते आहे त्याला मध्यम किमतीच्या जोडीतही, रात्री उशिरा, खर्जाच्या तारेनंतरच्या पोकळीत, न वाजवलेला गांधार सापडतो.