मुंग्या

आत्या गुडघ्यांसाठी दोन वर्षं ट्रामाडॉल-पॅरासिटॅमॉलची जोडगोळी घेत होती. सकाळी एक, रात्री एक. तिच्या भाषेत 'लांबुळकी'.

•

रविवारी रात्री शेवटची घेतली. सोमवारी सिडकोतल्या मेडिकलवाल्याने नवी चिठ्ठी मागितली. त्याचं बरोबरच. एप्रिल २०१८ पासून ट्रामाडॉल एनडीपीएस कायद्यात आहे, आणि संभाजीनगरात नशेच्या 'बटन' गोळ्यांवर धाडी पडून पडून मेडिकलवाले ताकही फुंकून पितात. आत्या म्हणाली, "नाही तर नाही. किडन्या तरी वाचतील."

•

मंगळवारी संध्याकाळी म्हणाली, हातापायांना मुंग्या आल्यात. शुगरवाल्या माणसाच्या मुंग्या घरात कोण मनावर घेतो? बुधवारी पहाटे पाहिलं तर ती चादर झटकत बसलेली. "अरे, भिंतीवर केवढ्या चढल्यात बघ!" भिंत कोरी. कालच्या मुंग्या वेगळ्या होत्या आणि आजच्या वेगळ्या.

•

कॅज्युअल्टीत शुगर १४२. सोडियम ठीक, म्हातारपणी ते घसरलं तरी माणूस असाच बरळतो. लकव्याच्या धास्तीने सीटी, त्यात काही नाही. बी-१२ साठी रक्त पाठवलं. एकाने वयावर ढकललं. चालू गोळ्या कोणत्या, हे तिघांनी विचारलं. मी इमानदारीत सगळ्या सांगितल्या. लांबुळकी चालू नव्हती, म्हणून सांगितली नाही.

•

रात्रपाळीची निवासी डॉक्टर. टॉर्च मारला: बाहुल्या मोठ्या. नाकाला पाणी, अंगावर काटा, जांभयांवर जांभया. "मावशी, या आठवड्यात कुठली गोळी सोडली का हो?" आत्याने पिशवीतून रिकामी स्ट्रिप काढली.

•

ट्रामाडॉल दुतोंडी. एक तोंड अफूच्या घराण्यातलं. ते तुटलं की जांभया, घाम, जुलाब. दुसरं काही नैराश्याच्या गोळ्यांसारखं, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिनवर चालणारं. ते तुटलं की मुंग्या, भास, संशय. २००३ च्या अमेरिकी पाहणीत, गोळी तुटल्याचा त्रास झालेल्यांपैकी आठांत एकाला हा दुसरा प्रकार झाला होता. सुरुवात साधारण १२ ते ४८ तासांत. मी रविवारपासून तास मोजले आणि गप्प बसलो.

•

गोळी परत सुरू केली. दुसऱ्या दुपारी भिंत रिकामी. बी-१२ चा रिपोर्ट त्यानंतर आला, तोही ठीक.

•

आता डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे डोस हळूहळू खाली. कालनिर्णयावर पेन्सिलीच्या खुणा.

•

काल गुळाच्या डब्याला मुंग्या लागल्या. आत्याने डबा तसाच ठेवून आधी मला हाक मारली.

"तुला दिसतात का रे?"