शेंडेफळ

पाच भावंडांतलं हे शेवटचं. थोरला १९७९ चा, दुसरा १९८८ चा, तिसरा १९९४ चा आणि चौथा १९९८ चा. त्यानंतर अठरा वर्षं त्या घरात पाळणा हलला नाही. आता कसलं होतंय, असं म्हणून शेजारीपाजारीही गप्प बसले आणि २०१६ च्या ऑक्टोबरात हा अवतरला: ‘फँटॅझम’ भयपटमालिकेतला ‘फँटॅझम: रॅव्हेजर’. उतारवयातल्या आईबापांच्या पोराचं जे होतं, ते सगळं याचं झालं. अंगानं किरकोळ, अंगावर जेमतेम कपडे, पण घरातल्या साऱ्यांच्या आठवणी मात्र याच्याच खिशात.

नाव ठेवतानाही हौस बघा. इंग्रजी नावातलं ‘व्ही’ हे अक्षर मधेच मोठं काढलंय. रोमन अंकांत तो पाच होतो. मी पाचवा, हे सांगितल्याशिवाय या पोराला चैन पडत नाही.

थोरल्याचा लौकिक मोठा. डॉन कॉस्करेली नावाच्या कॅलिफोर्नियातल्या विशीतल्या पोरानं तो घरच्यांच्या जिवावर उभा केला. पैसा वडिलांनी जमवला, कपडेपटाला आई होती. गोष्ट एका लहान गावातल्या दफनभूमीची. तिथला काळ्या सुटातला उंचच उंच म्हातारा, टॉल मॅन, प्रेतं पळवतो, त्यांना दाबून बुटकं करतो आणि दुसऱ्या जगात गुलाम म्हणून धाडतो. त्याच्या मागावर तिघं: पोरसवदा माइक, त्याचा मोठा भाऊ जॉडी आणि त्यांचा मित्र रेजी. हा रेजी आइस्क्रीमवाला. भुताखेतांशी लढायला आइस्क्रीमवाला निघालाय, यातच या घराचा स्वभाव कळतो.

आणि घराण्याचा दागिना म्हणजे तो चांदीसारखा लखलखता गोळा. संगमरवरी बोळातून घोंघावत येतो, दोन पाती बाहेर काढतो, कपाळात रुततो आणि मग गिरमिट चालू. हा गोळा उडवायला तेव्हा कुठलं मोठं यंत्र नव्हतं. कॅमेऱ्याच्या मागून नेम धरून तो फेकायचा आणि ते चित्रण उलटं फिरवायचं. पडद्यावर तो थेट आपल्या अंगावर येतो. हातानं फेकलेल्या वस्तूला वजन असतं आणि प्रेक्षकाच्या कपाळाला ते कळतं.

शेंडेफळाकडेही गोळे आहेत. घराएवढे, गगनचुंबी इमारतींवर तरंगणारे, शहरंच्या शहरं जाळणारे. पण ते संगणकातले, आणि तेही काटकसरीनं केलेले. आग चिकटवल्यासारखी दिसते, आभाळ रंगवलेल्या पडद्यासारखं. गोळा मोठा झाला आणि त्याचं वजन गेलं. त्यातून नशीब असं की, दिग्दर्शक जे. जे. अब्राम्सच्या कंपनीनं थोरल्याला घासूनपुसून लख्ख केलं आणि नेमकं त्याच हंगामात पुन्हा चित्रपटगृहांत आणलं. एकाच मांडवात नटलेला थोरला आणि विटक्या सदऱ्यातला धाकटा. लोकांनी तुलना केली नसती तरच नवल.

धाकट्याचं संगोपनही धड झालं नाही. मुळात हा इंटरनेटवर दाखवायच्या छोट्या भागांतून वाढला. थोडं आज, थोडं पुढच्या वर्षी, असं गुपचूप चित्रण चाललं. २०१४ मध्ये बातमी फुटली तेव्हा कळलं की पोर जन्माला येऊनही गेलंय, फक्त बारसं बाकी आहे. कॉस्करेलीनं या खेपेला पहिल्यांदाच दिग्दर्शन दुसऱ्याच्या, डेव्हिड हार्टमनच्या, हाती सोपवलं. आपण लिहायला साथ दिली आणि निर्मिती सांभाळली. त्यामुळे पोराच्या अंगावर सगळीकडे टाके दिसतात. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी असावी तसं: हा तुकडा वाळवंटातल्या रस्त्याचा, हा रानातल्या घराचा, हा जळत्या शहराचा. एकातून दुसऱ्यात कधी गेलो ते कळत नाही.

मला आधी हा त्याचा दोष वाटला होता. मग चाकाच्या खुर्चीतला रेजी आला.

डोक्यावर टक्कल, मागे तीच बारीक शेंडी, पण खांदे उतरलेले. शेजारी माइक बसलाय. थोरल्यात जो मिसरूडही न फुटलेला पोरगा होता, तो आता पन्नाशीच्या घरातला माणूस आहे. तो हळू आवाजात रेजीला सांगतो की तुला स्मृतिभ्रंश जडलाय. टॉल मॅन, गोळे, सगळ्या तू मला सांगितलेल्या गोष्टी आहेत. रेजी ऐकतो. त्याच्या चेहऱ्यावर राग नाही, एखाद्यानं आपलंच घर आपल्याला परकं म्हणून दाखवावं तसा गोंधळ आहे.

आता थोरल्याचा शेवट आठवा. शेकोटीजवळ रेजी माइकला समजावतो की जॉडी मोटारीच्या अपघातात गेला, बाकीचं सगळं तुझं वाईट स्वप्न. पोरक्या पोराला मोठ्या माणसानं दिलेला तो धीर. सदतीस वर्षांनी तेच दोघं समोरासमोर बसलेत, फक्त जागा बदलून. तेव्हा पोराचं खरं कुणी मानलं नाही, आता म्हाताऱ्याचं कुणी मानत नाही. मधल्या तिघा भावंडांनी पाठलाग केले, चार नळ्यांच्या बंदुका चालवल्या, कोडी घातली. हा प्रसंग मात्र धाकट्यासाठीच राहून गेला होता.

आणि तो दुसऱ्या कुठल्या घरात घडलाच नसता. भयपटांची बाकी बरीच मोठी घराणी मुखवट्यावर चालतात. आत माणूस कुणीही घाला. इथं दुसऱ्या खेपेला मोठ्या स्टुडिओनं माइक बदलला तेवढाच अपवाद. एरवी मायकेल बाल्डविन, बिल थॉर्नबरी, रेजी बॅनिस्टर आणि अँगस स्क्रिम हेच चौघं. त्यांच्या सुरकुत्यांना रंगभूषाकाराचा हात लागलेला नाही. त्या काळानं, फुकट काढून दिल्या आहेत.

स्क्रिम म्हणजे टॉल मॅन. मुळात सहा फूट चार इंचांचा. आखूड सूट आणि उंच टाचांचे बूट घालून आणखी ताणलेला. पडद्यावर एक भुवई उचलून पोरांची झोप उडवणारा हा गृहस्थ एरवी संगीताच्या तबकड्यांवर अभ्यासपूर्ण टिपणं लिहायचा आणि त्यासाठी त्याला ग्रॅमीही मिळालं होतं. धाकट्यात तो एका प्रसंगी रुग्णालयात, रेजीच्या शेजारच्या खाटेवर, साध्या मरणपंथाला लागलेल्या माणसाच्या रूपात दिसतो. जन्माचे दोन वैरी, मधे हातभर अंतर, दोघांच्याही अंगावर रुग्णालयाची चादर. ९ जानेवारी २०१६ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, स्क्रिम गेला. चित्रपट लोकांसमोर यायला अजून नऊ महिने होते. म्हणजे हे पोर सुतकातच जगात आलं.

तेव्हा आता त्याच्या गोधडीबद्दल माझी तक्रार नाही. विसरत चाललेल्या माणसाशेजारी कधी बसला असाल तर ठाऊक असेल, तोही असाच एका तुकड्यातून दुसऱ्यात जातो. आत्ता चहा मागत असतो, पुढच्या वाक्यात चाळीस वर्षांपूर्वीच्या स्टेशनावर उभा असतो. मधला टाका त्याला दिसत नाही, आपल्यालाच खुपतो. गरिबीनं पडलेले या पोराचे टाके रेजीच्या डोक्याला बरोबर बसलेत. हे ठरवून झालं की नाइलाजानं, ते मी विचारणार नाही.

शेवटी रेजी खाटेवर प्राण सोडतो. माइक आणि जॉडी उशाशी असतात. आणि दुसऱ्या कुठल्याशा जगात, त्या प्रचंड गोळ्यांच्या सावलीत, हेच तिघं त्याच जुन्या काळ्या प्लिमथ बाराकुडात बसून लढाईला निघतात. गाडीवर आता चिलखत चढवलंय. यातलं खरं कोणतं, ते सांगायची संधी शेंडेफळाकडे होती. थोरल्यात शेकोटीजवळ रेजीनं घाई केली होती. ते स्वप्न आहे म्हणाला आणि पुढच्याच क्षणी आरशातून हात आले. धाकट्यानं ती चूक केली नाही. म्हाताऱ्याचा हात धरला आणि गाडीही चालू ठेवली.