चौघांच्या नावानं एकटा

नाशिक, रविवार

प्रिय भाचेबुवा,


तुझं गाणं हेडफोन लावून ऐकलं, सोबतचा बँडचा इतिहासही वाचला. साल १९८६, ओझरची एचएएल टाउनशिप, वडील मिगच्या कारखान्यात, पोरं गच्चीवर गिटार बडवताहेत. पुढे एक जण आखातात नोकरीला गेला आणि बँड मोडला. वाचून मलाच वाटलं, एवढी जवळची पोरं, आपल्या कानावर कशी आली नाहीत! चौघांची वाद्यं, गळे आणि भांडणं तू एकट्यानं निभावलीस, तीही पुण्याच्या खोलीत भिंतीला गोधड्या टांगून. शाब्बास! नाशिकरोडला सरकार खऱ्या नोटा छापतं, तिथून जवळच तू बनावट बँड वसवलास.

तुझ्या मित्राचं म्हणणं, स्वतःचं नाव लावायला घाबरतोस म्हणून हे सोंग. त्याला गडकऱ्यांची आठवण करून दे. कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम आणि नाटकाला राम गणेश गडकरी. आपल्या नाशिकच्या तात्यासाहेबांचंही तसंच. ‘विशाखा’वर कुसुमाग्रज, ‘नटसम्राट’वर वि. वा. शिरवाडकर. माणूस एकच हे वाचकाला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे कुणी कुणाला फसवलं नाही. लिहिणाऱ्याला मात्र नावागणिक वेगळा आवाज लावायची मोकळीक मिळाली.

रॉकवाल्यांनी तेच केलं. ऑगस्ट १९६६ मध्ये बीटल्सनी दौरे थांबवले. नोव्हेंबरात केनियाहून परतताना विमानात पॉल मॅकार्टनीच्या डोक्यात आलं की आपण बीटल्स नाहीच, दुसराच कुठलातरी बँड आहोत असं धरून रेकॉर्ड करावी. त्यातून १९६७ ची ‘सार्जंट पेपर’ निघाली. इंग्लंडच्या एक्सटीसीनं १९८२ मध्ये कार्यक्रम करणं सोडलं आणि १ एप्रिल १९८५ ला ‘ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटोस्फिअर’ या नावानं साठच्या दशकातल्या ढंगाची रेकॉर्ड काढली. वादकांची नावंसुद्धा खोटी. दोघांची गाठ कुठे पडते बघ: मंच सुटल्यावर त्यांना दुसरा बँड सुचला. घरी बसून गाणी करणाऱ्याला तर मंच नसतोच. समोर प्रेक्षक नाही, शेजारी ड्रमर नाही, चुकलं तर डोळे वटारणारं कुणी नाही. ही माणसं मग मनातच उभी करावी लागतात. तू केलंस ते यासाठीच, आणि त्यात काही वावगं नाही.

आता तक्रार ऐक. तुझे चौघेही एकाच स्वभावाचे निघाले. इतिहासात तू ड्रमर ढोल पथकातला दाखवलास. ज्याचा हात नाशिक ढोलावर टिपरू मारून तयार झालाय, तो हाय-हॅटवर इतका नाजूक वाजवेल? आणि ध्रुवपद जवळ आलं की त्याचा हात पुढे पळणार नाही? तुझ्या गाण्यात त्याचा प्रत्येक ठोका रेघेवर आणि सारख्याच जोराचा. तो संगणकाचा हात झाला, ओझरच्या पोराचा नाही. दुसऱ्या कडव्याआधी बास किंचित मागे रेंगाळतो, ती एकच जागा मला खऱ्या माणसाची वाटली. तिथे तू घाईत वाजवून नंतर नीट करायचं विसरलास, असा माझा संशय आहे. विसरलास ते बरं झालं.

दुसरं, तू छत्तीस ट्रॅक वापरलेस. १९८६ मध्ये त्या पोरांना कुणी दिले असते? फार तर चार ट्रॅकचं कॅसेट यंत्र. टॅस्कॅमनं ते १९७९ मध्ये बाजारात आणलं होतं. ‘सार्जंट पेपर’सुद्धा चार ट्रॅकच्या यंत्रांवरच झाली. चार भरले की ते मिसळून दुसऱ्या यंत्राच्या एका ट्रॅकवर उतरवायचे, की पुन्हा जागा मोकळी. पण एकदा मिसळलं की ड्रमचा आवाज मागाहून कमी करता येत नसे. त्यामुळे निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागे. तूही हीच अट पाळ. चार ट्रॅक, दोनदा मिसळायची मुभा, बस्स. बँड खोटा असला तरी त्याच्या अडचणी खऱ्या हव्यात. त्याशिवाय इतिहास नुसता कागदावर राहतो, गाण्यात उतरत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. २०२५ मध्ये ‘द वेल्व्हेट सनडाउन’ नावाचा बँड स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांहून जास्त लोक ऐकत होते. फोटो होते, वादकांची नावं होती. नंतर बँडच्याच पानावर जाहीर झालं की संगीत, आवाज, चित्रं हे सारं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं केलेलं आहे. ऐकणाऱ्यांना राग आला तो हे आधी न सांगितल्याचा. ‘सार्जंट पेपर’च्या मुखपृष्ठावर चकचकीत गणवेश घातलेले चौघे बीटल्स समोरच उभे होते, लपवाछपवी नव्हती. तेव्हा गाण्याखाली एक ओळ टाक: बँड काल्पनिक, सगळं वाजवलंय आणि गायलंय मी. खाली तुझं खरं नाव. गंमत जराही कमी होणार नाही, उलट एकट्या माणसानं किती जणांसाठी बोटं झिजवली ते लोकांना कळेल.

ड्रमचा ट्रॅक रेघेवर न बसवता पुन्हा वाजवून पाठव. आखातात गेलेल्या त्या गिटारवाल्याचं एखादं गाणं होऊ दे. तो का गेला हे तू दोन ओळींत उरकलंस, आणि मला तर तोच सगळ्यात जिवंत वाटला. ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा