ठिपका आणि ठाकूरद्वार

पूर्वी माणूस परगावी गेला की तीन-चार दिवसांनी त्याचे कार्ड येई. 'सुखरूप पोहोचलो. काळजी नसावी.' एवढ्या दोन वाक्यांवर घरची माणसे महिनाभर निर्धास्त राहत. गावातल्या गावात तर कोण कुठे जातो हे विचारण्याची रीतच नव्हती. संध्याकाळी वडीलमंडळी 'जरा बाहेर जाऊन येतो' म्हणत आणि त्या 'बाहेर'मध्ये भाजी, कीर्तन, पत्त्यांचा डाव, कुणाची उसनवारी, सारे काही मावत असे. 'बाहेर' हा एक प्रशस्त मुलूख होता आणि त्याचा नकाशा कोणी काढला नव्हता.

आता तो निघाला आहे. खिशातला फोन दिवसभर आपल्या पावलांची नोंद ठेवतो आणि रात्री हिशेब मांडतो : घरी इतके तास, कचेरीत इतके, रस्त्यात इतके. आमच्या घरात हा हिशेब अप्पांचा निघतो. अप्पा म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी. जन्म, मुंज, लग्न, नोकरी सगळे गिरगावात झाले. चाळ पाडायला दिली तेव्हापासून मुक्काम बोरिवलीला, माझ्याकडे. गेल्या वर्षी त्यांना रेल्वेच्या फलाटावर चक्कर आली, तेव्हा पुण्याच्या ताईने त्यांच्या फोनात हे सॉफ्टवेअर घालून दिले. अप्पांनी होकार दिला, पण 'तुमच्या समाधानासाठी' असे बजावून. तेव्हापासून अप्पा म्हणजे ताईच्या आणि माझ्या फोनवरचा एक निळा ठिपका.

पुष्कळांची अशी समजूत असते की वरून उपग्रह आपल्यावर डोळा ठेवून असतो. तसे काही नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. 'मी अमुक ठिकाणी आहे, माझ्या घड्याळात इतके वाजले' एवढेच ते अखंड सांगत असतात. आपण खाली आहोत की नाही याची त्यांना दादही नसते. ऐकतो तो आपला फोन. गिरणगावात गिरण्यांचे भोंगे होत, त्यांची कल्पना करा. चार भोंगे नेमके एका क्षणाला झाले आणि तुमच्या कानावर ते किंचित मागेपुढे आले, तर कुठला जवळ, कुठला लांब हे ताडता येईल आणि त्यावरून तुम्ही कुठे उभे आहात तेही काढता येईल. फोन हेच करतो. त्यालाही निदान चार उपग्रह ऐकू यावे लागतात. इ. स. २००० च्या मे महिन्यापर्यंत अमेरिकन सरकार सामान्यांसाठीच्या संदेशात मुद्दाम घोळ घालून ठेवी, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक होई. तो घोळ काढला आणि मोकळ्या आकाशाखाली साधा फोनही पाचेक मीटरपर्यंत खरे बोलू लागला. मोकळ्या आकाशाखाली, हे मात्र लक्षात असू द्यावे. गल्लीबोळात संदेश भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका समोरच्या बिऱ्हाडात जाऊन बसतो.

माणूस कुठे आहे हे कळणे सोपे. तो कुठे *असतो*, म्हणजे त्याचा वेळ कुठे जातो, हे कळणे निराळे. त्यासाठी थांबणे म्हणजे काय हे यंत्राला शिकवावे लागते. २००३ साली अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया टेक संस्थेतल्या दोघा संशोधकांनी ठरवले की दहा मिनिटे हालचाल दिसली नाही की ते ठिकाण महत्त्वाचे समजावे. पुढे बीजिंगमधल्या मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी १८२ माणसांच्या वाटा २००७ ते २०१२ अशी पाच वर्षे टिपून ठेवल्या. त्यांच्या एका प्रबंधात दोनशे मीटरच्या आत वीस मिनिटे गेली की तो 'मुक्काम' धरला आहे. आणि मुक्कामाची जागा कोणती? त्या वेळातल्या सगळ्या ठिपक्यांची सरासरी.

ही सरासरीच आमच्या घरात शिरली.

श्रावणातल्या एका रात्री ताईचा फोन आला. आवाज बारीक. "अप्पा दर मंगळवारी आणि शुक्रवारी कुठं जातात, ठाऊक आहे तुला?"

"गिरगावात."

"गिरगावात नाही. हॉस्पिटलात. तीन-तीन तास." तिने महिन्याचा तक्ताच वाचून दाखवला. घर, अठरा तास चाळीस मिनिटे. प्रवास, दोन तास दहा मिनिटे. आणि चर्नी रोड स्टेशनासमोरच्या एका मोठ्या रुग्णालयाचे नाव, तीन तास दहा मिनिटे. आठवड्यातून दोनदा, नेमाने. "काहीतरी मोठं आहे आणि आपल्यापासून लपवताहेत. आईनंसुद्धा शेवटपर्यंत लपवलंच होतं."

तिचे म्हणणे, शुक्रवारी मी गुपचूप त्यांच्या मागून जावे. मला ते रुचले नाही. ज्या माणसाने मला बोट धरून ठाकूरद्वारचा रस्ता ओलांडायला शिकवले त्याच्या मागे पंचवीस पावले ठेवून, खांबाआड लपत जायचे? सकाळी चहा घेताना मी सरळ विचारले, "अप्पा, शुक्रवारी मी येऊ तुमच्याबरोबर?"

त्यांनी पेपरातून मान वर केली. "ये की. पण धीमी गाडी पकडतो हं मी. बसायला मिळते."

चर्नी रोडला उतरलो तेव्हा दहा बावन्न झाले होते. खिशात मी एक छोटी वही ठेवली होती. यंत्राने त्याचा हिशेब करावा, मी माझा करीन, असा बेत. अप्पा पूल उतरले, रस्ता ओलांडला आणि रुग्णालयाच्या फाटकाकडे ढुंकूनही न बघता स. का. पाटील उद्यानात शिरले. तिथे एका बाकावर दोन म्हातारे आधीच बसले होते. एक दहिसरहून आलेले, दुसरे विरारहून. दोघेही मूळचे गिरगावकर, दोघांच्याही चाळी गेलेल्या. चर्नी रोड हे नाव गुरांच्या चरणीवरून पडले म्हणतात. इंग्रज सरकारने १८३८ साली चराईवर कर बसवला तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी वीस हजार रुपये खर्चून ठाकूरद्वारजवळ कुरण घेतले आणि गुरे फुकट चरू दिली, अशी कथा आहे. विरारकर मला म्हणाले, "आम्ही तीच गुरं. संध्याकाळी दूरच्या गोठ्यात, सकाळी परत इथं."

बाकावर बावन्न मिनिटे. मग उठले. नाक्यावर पेपरवाल्याशी सहा मिनिटे, त्यात पेपर घेतला नाही. एका बोळात जुन्या शिंप्याकडे पंचवीस मिनिटे. दुकानात जागा दीड माणसाची, म्हणून आम्ही पायरीवर. पियूषाचा एक पेला दोघांत, नऊ मिनिटे. केळेवाडीत साहित्य संघाच्या दारात चार मिनिटे. "इथून नाटक सुटलं की रात्री एकला आम्ही बोलत बोलत घरी. घर दोन मिनिटांवर, पोचायला तास." १९३५ साली स्थापन झालेला हा संघ अप्पांहून वडील, त्यामुळे त्यांनी त्याला वाकून नमस्कारही केला.

माझ्यासाठी म्हणून मग एक लांबचा फेरा झाला. खोताच्या वाडीतली लाकडी सज्ज्यांची घरे, जी उरली आहेत ती. केशवजी नाईकांच्या चाळी, जिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. अप्पा चालत्या पावलीच दाखवत होते. थांबले ते फक्त आमच्या चाळीपाशी.

चाळ नाहीच. निळे पत्रे आहेत आणि पत्र्यांमागे यारी. अप्पा समोरच्या पानवाल्याच्या बाजूला उभे राहिले, छत्री टेकली आणि वर बघू लागले. मला वाटले यारी बघताहेत. तर म्हणाले, "ती तार जाते ना, तिच्या हातभर वर. तिसरा मजला. गॅलरीतला कोपरा. तिथं तुझी आई तांदूळ निवडत बसायची." तार होती, त्यावर एक कावळा होता, आणि त्याच्या वर हातभर नुसते आकाश. मी घड्याळ पाहिले. सात मिनिटे ते त्या जागेकडे बघत होते. मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, "चला."

उपग्रहांच्या हिशेबात सर्वांत कच्ची असते ती उंची. आडवा ठिपका पाच मीटरवर चुकला, तर उभा त्याहून बराच अधिक चुकतो. त्यातून नकाशा तर सपाटच. तीन मजले, सगळी बिऱ्हाडे, गॅलरीतली भांडणे आणि दिवाळीतल्या ताटांची देवघेव, सगळे मिळून एक ठिपका. आणि सात मिनिटे म्हणजे वीसही नव्हेत, दहाही नव्हेत.

उद्यानात परतून आणखी बाक झाला. निघायच्या आधी मी फोन उघडून पाहिले. यंत्राने लिहिले होते : रुग्णालय. मग वही काढली आणि एका कागदावर सगळ्या जागा मांडल्या. बाक एका अंगाला, शिंप्याची पायरी दुसऱ्या अंगाला, नाका तिकडे, केळेवाडी अलीकडे. सगळी नेहमीची फेरी चार-पाचशे पावलांची. या सगळ्याची मधली जागा काढली तर ती नेमकी रुग्णालयाच्या आवाराच्या कडेला पडली. मग यंत्राने आसपासच्या नोंदलेल्या जागांतली सर्वांत संभवनीय जागा उचलली. एकोणऐंशी वर्षांचा गृहस्थ, शेजारी मोठे रुग्णालय. शिंप्याच्या पायरीची नोंद कुणाकडे असणार? ज्या एका ठिकाणी अप्पांनी पाऊल ठेवले नव्हते, तिथेच त्यांचे तीन तास जमा झाले होते.

हजारो माणसांच्या सरासरीला मी नाव ठेवणार नाही. करोनाच्या काळात, २०२० च्या एप्रिलपासून २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत, गूगलने देशोदेशीचे आणि आपल्या महाराष्ट्राचेही असेच तक्ते प्रसिद्ध केले होते. लोक घरी किती, बाजारात किती, बागेत किती. त्यात कुणाचे नाव नव्हते आणि टाळेबंदी कितपत पाळली जाते याचा अंदाज येत होता. पण हाच हिशेब एकट्या माणसावर लावला की त्याचा सूर बदलतो. नागपुरात आणि चंदीगडात सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली गेली, तेव्हा त्यांनी कुरकुर केली ती उगीच नव्हे. झाडाच्या सावलीत टेकलेली दहा मिनिटे यंत्राला दिसतात, ऊन दिसत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२४ च्या जुलैत त्याच न्यायालयाने सांगितले की जामिनावर सुटलेल्या आरोपीलासुद्धा आपला ठिपका तपास यंत्रणेला सतत दाखवत राहण्याची अट घालता येणार नाही. आरोपीला जे आहे ते बापाला नसावे काय, असा प्रश्न माझ्या मनात येऊन गेला. तो मी ताईला विचारला नाही. तिने एकदा आई गमावली आहे.

परतताना अप्पांना म्हटले, आज भुयारी मेट्रोने जाऊ. २०२५ च्या ऑक्टोबरात ती गिरगावातून सुरू झाली, पण अप्पा अजून खाली उतरले नव्हते. सरकत्या जिन्याने खोल गेलो. गाडीत बसल्यावर मी त्यांना फोन दाखवला. निळा ठिपका गिरगाव स्थानकाच्या दाराशी अडकून पडला होता. जमिनीच्या पोटात उपग्रहांचा आवाज पोचत नाही.

"म्हणजे आत्ता आपण कुठे आहोत?" अप्पांनी विचारले.

"याच्या मते अजून दारातच."

अप्पा खुशीत आले. दोनच स्थानकांचा प्रवास, पण शाळा बुडवलेल्या पोरासारखे पाय हलवत बसले होते. मुंबई सेंट्रलला वर आलो तसा ठिपक्याने एका उडीत ग्रँट रोड ओलांडला आणि आमच्या पायाशी येऊन उभा राहिला.

रात्री ताईला सगळे सांगितले. ती आधी हसली, मग बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती तार कुठली रे? आपल्या खिडकीवरून जायची तीच?" मी म्हटले, ती नसावी, पण अप्पांना तीच वाटते.

जेवणानंतर अप्पांनी आपला फोन माझ्यापुढे ठेवला. हा ठिपका थोडा वेळ बंद करायचा असेल तर कुठले बटण, असे त्यांनी विचारले. मी दाखवले. त्यांनी दोनदा स्वतः करून पाहिले, बंद आणि चालू, आणि कागदावर लिहूनही घेतले.

पुढच्या शुक्रवारी दहा पन्नासला ठिपका चर्नी रोडच्या पुलावर आला आणि करडा पडला. अकरा वाजता ताईचा फोन.

"अप्पा दिसत नाहीत."

"गिरगावात आहेत."

"कशावरून?"

"शुक्रवार आहे ना."