दुसऱ्याचा ठेका

पेरुंगुडीतल्या त्या खोलीच्या भिंतींना आतून जुन्या गाद्या लावलेल्या होत्या. लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक-वृंदाचीच गाणी वाजवणाऱ्या मंडळींत ड्रमवादक म्हणून मी प्रथम बसलो, तो तिथे. 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' या १९६९ च्या गाण्यात जॉन बॉनम एकाच पायाने बेस ड्रमवर जलद जोडआघात उमटवतो. माझा पाय दुसऱ्या आघाताला मागे राही. त्याहून मागे राही ते मन. सारे दुसऱ्याचेच हुबेहूब वाजवायचे, तर त्यात आपले ते काय?

वडील तबला वाजवीत. गुरूंकडून आलेला कायदा ते वर्षानुवर्षे तसाच घोटीत. मी त्यात स्वतःचे काही घालू लागलो, की म्हणत, "आधी हात तयार होऊ दे रे." त्याला कुणी नक्कल म्हटले नाही; घराणे म्हटले. मी मात्र कंटाळून तबला सोडला.

बॉनम १९८० साली गेला आणि वृंद थांबला. १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये तो एका रात्रीपुरता पुन्हा उभा राहिला, तेव्हा बापाच्या जागी मुलगा, जेसन, बसला होता.

परवा माझा पाय जुळला. घरी येऊन सहज मांडीवर बोटांनी वडिलांचा कायदा धरून पाहिला. पहिली ओळ आली. बॉनमचे विसरले तर ध्वनिमुद्रिका आहे. इथे पुढची ओळ विचारायला कुणी उरले नव्हते.