आमच्या आडनावाचे गाव

कोटोनू शहर मागे टाकून आमची मोटार पश्चिमेकडे निघाली, तेव्हा सूर्य उगवून तास लोटला होता. पण तो चंद्रासारखा फिकट दिसत होता. साल २०१४, महिना फेब्रुवारीचा. या दिवसांत सहारा वाळवंटाकडून हरमाटन नावाचा कोरडा वारा वाहतो आणि सारा आसमंत धुळीच्या पडद्याआड जातो. पुढच्या आसनावर आमची भाची बसली होती. ती धर्मभगिनी असून पश्चिम आफ्रिकेतील या बेनिन देशात सहा वर्षे सेवा करीत होती. "मामा, तुम्ही आणि मामी एवढ्या लांब आलात, तर वीदा पाहिल्याशिवाय मी तुम्हांला परत पाठवणार नाही," असे तिने पहिल्याच दिवशी बजावले होते.

कोटोनूपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, अटलांटिक महासागराच्या जवळ वीदा हे लहानसे गाव आहे. तांबडी माती, पत्र्याची बैठी घरे, अंगणात आंब्याची झाडे. आंबा पाहून सौ.ला माहेरी आल्यासारखे वाटले. गावात शिरताच मुलांचा घोळका "योवो! योवो!" असा गलका करीत मोटारीमागे धावू लागला. आम्ही भाचीला अर्थ विचारला. ती हसू दाबीत म्हणाली, "योवो म्हणजे गोरा माणूस." आमच्या सौ.ला उभ्या आयुष्यात कोणी गोरी म्हटले नव्हते. तिने लगेच खिडकीची काच खाली करून मुलांना हात केला. त्या क्षणी आम्हीही हसलो. दुपारपर्यंत मात्र तो शब्द अंगाला टोचू लागला होता.

दिवस रविवारचा असल्याने प्रथम मिस्साबलीला गेलो. निष्कलंक मातेची बॅसिलिका गावाच्या मध्यभागी आहे. साध्या चर्चला बॅसिलिकेचा मान १९८९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी दिला. तिच्या बरोबर समोर, चौक ओलांडला की अजगरांचे देऊळ! वोदून हा या भागाचा मूळ धर्म, आणि अजगर हे वीदाचे पूज्य दैवत. इकडे घंटा, तिकडे नाग, आणि मधल्या चौकात दोन्हीकडचे लोक एकमेकांना नमस्कार करीत चाललेले. मिस्सा फ्रेंच आणि फोन अशा दोन भाषांत झाली. अर्पणविधीच्या वेळी बायका डोक्यावर सुरणासारखे कंद, केळी, एक जिवंत कोंबडी असे घेऊन ढोलाच्या ठेक्यावर नाचत वेदीकडे गेल्या. आपल्या धर्मग्रामात अर्पणाची थाळी फिरते तेव्हा आपण खिशातली सुटी नाणी चाचपतो, त्याची आठवण होऊन आम्हांला थोडे ओशाळल्यासारखे झाले.

याच बॅसिलिकेत १९ नोव्हेंबर २०११ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आफ्रिकेतील ख्रिस्तसभेसाठी लिहिलेल्या प्रबोधनपत्रावर स्वाक्षरी केली. त्याच दिवशी त्यांनी येथील सेंट गाल सेमिनरीत कार्डिनल बर्नार्डिन गँटिन यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली. आम्हीही तेथे गुडघे टेकले. या भूमीचा हा पुत्र जगभरच्या कार्डिनलांच्या मंडळाचा प्रमुख झाला होता. त्यांच्या पूर्वजांच्या पिढ्या ज्या काळात जगल्या, तो काळ पुढच्या दोन तासांत आमच्यासमोर उभा राहणार होता.

वसईच्या किल्ल्यात बालपणी हुंदडलेल्या माणसाला पोर्तुगीज किल्ल्याचे अप्रूप ते काय! वीदाचा किल्ला तर वसईच्या किल्ल्याच्या एका कोपऱ्यात मावेल एवढाच आहे. १७२१ साली बांधलेल्या या किल्ल्याचे नाव 'साओ जुआंव बाप्तिस्ता दे अजुदा', म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचे नाव. 'अजुदा' हे येथील जुन्या राज्याच्या नावाचे पोर्तुगीज रूप. पण त्यांच्याच भाषेत 'अजुदा' म्हणजे साहाय्य! पश्चिम आफ्रिका स्वतंत्र झाली तरी पोर्तुगीजांनी हा इवलासा किल्ला सोडला नव्हता. अखेर १९६१ च्या जुलैअखेरीस नव्या सरकारने निर्वाणीचा खलिता दिला, तेव्हा तेथील पोर्तुगीज अधिकाऱ्याने निघताना किल्ल्याला आग लावली. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. एकाच सत्तेचे हे दोन अस्त पाच महिन्यांच्या आत झाले, हे आम्हांला वयाची साठी उलटल्यावर कळले.

आम्ही गेलो तेव्हा किल्ल्यात संग्रहालय होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दोनशे वर्षांत एकट्या वीदाहून दहा लाखांपेक्षा अधिक माणसे गुलाम म्हणून जहाजांवर चढवली गेली. पकडून आणणारे पुष्कळदा आफ्रिकीच होते. दाहोमीच्या राजाने १७२७ मध्ये वीदा जिंकले आणि या व्यापारावर आपले राज्य पोसले. खरेदी करणारे पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रज. आणि किंमत कशात मोजली जाई? बंदुका, दारू, तंबाखू, हिंदुस्थानात विणलेले सुती कापड, आणि कवड्या. मालदीव बेटांजवळच्या समुद्रातल्या या कवड्या बंगाल, सिंहलद्वीप असा प्रवास करीत युरोपात जात आणि तेथून जहाजे भरून येथे येत. येथे त्यांचेच नाणे चाले. 'कवडीमोल' हा शब्द आम्ही आयुष्यात शेकडो वेळा वापरला असेल. भाव पडलेल्या भाजीसाठी, विकाव्या लागलेल्या शेतासाठी. त्या हिशेबात माणूसही बसतो हे ठाऊक नव्हते.

किल्ल्यातल्या वाटाड्याने आमचे नाव विचारले. आम्ही सांगितले, "डिसोजा." तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. मग भाचीला फ्रेंचमध्ये म्हणाला, "मग हे पाहुणे कसले? यांचे घर तर इथेच आहे."

वाचकहो, आमचे वडील हे आडनाव पोर्तुगालच्या सरदार घराण्याचे आहे, असे मिशीवर ताव देऊन सांगत. अशा बढाया आपल्या अनेक घरांत चालतात. त्या दिवशी आम्ही खरोखरच एका डिसोजा सरदाराच्या दारात उभे राहिलो. फ्रान्सिस्को फेलिक्स डिसोजा हा ब्राझीलचा. बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती. १८१८ साली गेझो नावाच्या राजपुत्राला गादी बळकावण्यास त्याने साहाय्य केले आणि राजाने त्याला 'चाचा' हा किताब देऊन वीदाच्या व्यापारात मानाचे स्थान दिले. इंग्रजांनी १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केल्यावरही तो चोरून माणसे पाठवीत राहिला. १८४९ साली तो वारला. ज्या खोलीत तो झोपे तिथेच त्याची कबर आहे, आणि कबरीशेजारी त्याचा पलंग आजही अंथरून ठेवलेला असतो. 'चाचा' हा किताब घराण्यात अजून चालतो. आम्ही त्या खोलीत क्रूसाची खूण केली खरी. पण ती कोणासाठी केली, हे आम्हांला सांगता यायचे नाही.

बाहेरच्या गल्लीत एक वृद्ध बाई ओट्यावर बसून घेवडा निवडीत होती. भाचीने आमची ओळख करून दिली. "क्वाबो," ती म्हणाली, म्हणजे या, स्वागत असो. मग मागच्या घराकडे हनुवटीने खूण करून तिने सांगितले, की तीही डिसोजाच. पण त्या घरच्या मालकांपैकी नव्हे, त्या घरात राबणाऱ्यांपैकी. धन्याचे नाव गुलामांनाही लागले आणि ते पिढ्यान् पिढ्या चालत आले. येथे डिसिल्वा आणि डिआल्मेडाही आहेत. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज गुलाम म्हणून ब्राझीलला गेले आणि मुक्त होऊन परतले. विशेषतः १८३५ मध्ये बाहियात गुलामांचे बंड झाल्यानंतर. परतताना धन्याचे नाव, घेवड्यात डुकराचे मांस घालून शिजवण्याची रीत आणि ख्रिस्ती प्रार्थना त्यांनी बरोबर आणल्या.

"तुम्हांला हे नाव कोणी दिले?" तिने विचारले.

आम्ही सांगितले, की आमच्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे नाव मिळाले असावे. आमच्याकडे तशीच रीत होती.

"म्हणजे तुम्हांला विकत घेतले नव्हते?"

आम्ही "नाही" म्हणालो. भाचीने ते फ्रेंचमध्ये सांगितले. बाईने मान डोलावली आणि पुन्हा घेवडा निवडायला घेतला. सौ. तिच्याशेजारी बसली आणि तिच्या सुपातला मूठभर घेवडा घेऊन तीही निवडू लागली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी इंद्यालात शिर्का किती घालावा इथपर्यंत हातवाऱ्यांनी बोलणे झाले असावे असे वाटते.

आमच्या मनात मात्र ते "नाही" अडकून राहिले. ते कोणत्या आधारावर म्हणालो? आमच्या घरची वंशावळ पाचव्या पिढीमागे कोणाला सांगता येत नाही. पोर्तुगीज अंमलात आपल्याकडेही मोझांबिकहून आणलेले हबशी गुलाम होते. फिदाल्गोंच्या हवेल्या त्यांच्याच कष्टांवर उभ्या होत्या. त्यांनाही बाप्तिस्मा मिळाला, त्यांनाही कोणाचे तरी नाव लागले. १७३९ मध्ये वसई पडल्यावर ती माणसे कोठे गेली? सगळीच काही गलबतांत बसून गोव्याला गेली नसतील. आमच्या चुलत्यांचे केस कुरळे होते, आणि घरात त्याची थट्टा होत असे. वडिलांना ती थट्टा मुळीच खपत नसे, हे तेथे, त्या गल्लीत आठवले.

दुपारी गुलामांच्या वाटेने समुद्राकडे निघालो. चौकापासून किनाऱ्यापर्यंत जेमतेम चार किलोमीटर. वाटेत एका जागी विस्मरणाचे झाड होते असे सांगतात. पुरुषांना त्याभोवती नऊ वेळा आणि स्त्रियांना सात वेळा फिरवीत. म्हणजे गाव, कूळ, नाव सारे विसरून जावे. इतिहासकारांना या प्रथेचा तत्कालीन लेखी पुरावा आढळलेला नाही. पण नाव पुसून टाकण्याचा दुसरा उपाय तर कागदोपत्री नोंदलेला आहे: जहाजावर चढवण्यापूर्वी गुलामांना बाप्तिस्मा द्यावा अशी पोर्तुगीज राजाज्ञा होती, आणि अंगोलातील लुआंडा बंदरात घाऊक बाप्तिस्मे होत. ज्या संस्काराने देवाची लेकरे होतात तोच संस्कार! १४५५ साली पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगीज राजाला आफ्रिकी लोकांना दास करण्याची मुभा दिली. या व्यापाराचा स्पष्ट निषेध करणारे पत्र पोप ग्रेगरी सोळावे यांनी काढले ते १८३९ मध्ये. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली सेनेगलमधील गोरे बेटावर ख्रिस्ती लोकांच्या या पापाबद्दल देवाकडे क्षमा मागितली. हे आम्ही पूर्वी वाचले होते आणि पान उलटले होते.

किनाऱ्यावर 'परत न येण्याचे द्वार' उभे आहे. १९९५ मध्ये उभारलेली ही भव्य कमान, तिच्यावर समुद्राकडे चाललेल्या साखळदंडातील माणसांच्या रांगा कोरलेल्या. जवळच २००० सालच्या ख्रिस्तजयंती महोत्सवाचे स्मारक आहे, कारण १८ एप्रिल १८६१ रोजी फादर बोर्गेरो आणि त्यांचे सोबती याच किनाऱ्यावर उतरले. त्यांच्या संस्थेचे संस्थापक बिशप ब्रेझियाक पूर्वी आपल्या कोइमतूरचे होते. चर्चमधील जातिभेदाच्या प्रश्नावर मन न मानल्याने त्यांनी ते पद सोडले आणि आफ्रिकेची वाट धरली. सिएरा लिओनला पोहोचून महिना-दीड महिन्यातच तापाने गेले. बोर्गेरो वीदाला आले तेव्हा गुलामांची चोरटी वाहतूक पुरती थांबली नव्हती. त्यांनी बिऱ्हाड केले ते पोर्तुगीज किल्ल्यातच, आणि त्यांच्यापुढे प्रार्थनेला येऊन बसले ते ब्राझीलहून परतलेले लोक, आणि त्यांना विकणाऱ्यांची मुलेबाळेही. त्या पहिल्या प्रवचनात फादर काय बोलले असतील, याचा आम्ही परतीच्या वाटेवर बराच वेळ विचार करीत होतो.

पुढे २०२४ साली बेनिनने कायदा केला, की या व्यापारात परदेशी नेलेल्यांच्या वंशजांना हवे असल्यास येथले नागरिकत्व मिळावे. बातमी वाचली तेव्हा सौ. म्हणाली, "आपण अर्ज करायचा का?" ती थट्टा करीत होती की नव्हती, हे आम्ही विचारले नाही.

त्या संध्याकाळी कमानीखाली एक मुलगी दोऱ्यात ओवलेल्या कवड्या विकीत होती. "योवो," तिने हाक मारली आणि माळ पुढे धरली. आम्ही किंमत विचारली. तिने हजार फ्रँक सांगितले. पर्यटकांना ती दुप्पट सांगते, असे भाचीने मराठीतून सुचवले. बाजारात घासाघीस करण्यात आमच्या सौ.चा हात धरणारा आजवर कोणी भेटलेला नाही. तिने पिशवीतून हजाराची नोट काढली आणि मुकाट्याने मुलीच्या हातावर ठेवली.