जय-पराजयाची प्रतवारी

सोलापूरच्या बाजारात कांद्याची गाडी आली की तिचा भाव 'एक गाडी कांदा' एवढ्यावर कधी ठरत नाही. आडत्या आधी हात घालून पाहतो : माल मोठा की गोलटी, सुका की ओला? कांद्यासारख्या कांद्यालाही हा मान मिळतो. मग माणसाच्या जय-पराजयालाच तेवढा सरसकट भाव का?

हा प्रश्न मला पडला तो आमच्या कॉलेजच्या जिमखाना समितीवर बसून. 'बसून' हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे. मी मराठी शिकवतो. बास्केटबॉलशी माझा संबंध केवळ प्रवासखर्चाच्या बिलांपुरता! यंदा समितीपुढे विषय आला, की हा संघ ठेवावा की त्याची रक्कम दुसऱ्या खेळाकडे वळवावी. पुढ्यात कागद होता : सामने चार, जीत एक, हार तीन.

"निदान एक तरी जिंकले," कोणीतरी समजुतीच्या सुरात म्हणाले.

गंमत अशी, की चारांत सर्वांत हलका होता तो हा विजयच! प्रतिपक्ष वेळेवर पोचला नाही आणि आम्हाला 'पुढे चाल' मिळाली. मुलांनी घाम गाळला तो उन्हात वाट पाहण्यात. पराभवांपैकी एक मात्र पुढे अजिंक्य ठरलेल्या संघाकडून, त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात, अवघ्या तीन गुणांनी झालेला. दुसरा साधासुधा, चारचौघांसारखा. तिसरा घरच्या मैदानावर, यंदाच पहिल्यांदा संघ उतरवलेल्या कॉलेजाकडून. लाज वाटावी असा तो एकच. पण कागदावर तिन्ही हारी मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

ज्या देशात हा खेळ जन्मला तिथे ही अडचण त्यांनी आकड्यांनी सोडवली आहे. 1891 साली जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने स्प्रिंगफील्ड गावी पीच फळांच्या टोपल्या टांगून खेळ सुरू केला. आज अमेरिकेत वरच्या गटातच साडेतीनशेंहून अधिक कॉलेजे तो खेळतात. सर्वांनी सर्वांशी खेळणे अशक्य; मग अंतिम स्पर्धेला कोणाला बोलवावे? त्यांच्या एन.सी.ए.ए. या संस्थेने 2018 साली 'नेट' नावाची क्रमवारी आणली. तिच्या आधारे सामने चार रकान्यांत पडतात. घरच्या मैदानावर पहिल्या तिसांतला प्रतिस्पर्धी असेल तरच सामना पहिल्या रकान्यात; त्रयस्थ मैदानावर पहिल्या पन्नासांतला चालतो, आणि परक्या मैदानावर पंचाहत्तरावासुद्धा. परक्या गावी खेळणे किती जड असते, हे त्यांनी असे मोजून ठेवले आहे. पहिल्या रकान्यातली हार फारशी बोचत नाही. चौथ्या रकान्यातली जन्मभर टोचते.

आपल्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडाला ही अक्कल पूर्वीपासून आहे. तिथे जोड पाहूनच कुस्ती लावतात. तयार पहिलवानाने कोवळ्या पोराला आस्मान दाखवले, तर त्याला टाळी पडत नाही.

आणि पुढे चालीचे म्हणाल, तर पुण्याला 1948 च्या डिसेंबरात काय झाले? रणजी सामन्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राच्या 4 बाद 826 धावा झाल्या होत्या. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद 443 वर होते. ब्रॅडमनच्या 452 धावांचा विक्रम हाकेच्या अंतरावर. तेवढ्यात काठेवाडने सामनाच सोडून दिला. महाराष्ट्र जिंकला, पण त्या विजयाची आठवण निघते ती हळहळीनेच. प्रतिपक्ष उठून गेला की जीत उरते, खेळ उरत नाही.

वाचक म्हणतील, प्राध्यापकमजकूर, हरलेल्याला सबबी नेहमीच सुचतात! खरे आहे. पण सबब आणि प्रतवारी यांत एक फरक आहे. सबब फक्त आपली हार हलकी करते. प्रतवारी आपली जीतही हलकी करते. समितीत मी तीन गुणांच्या पराभवाची थोरवी सांगितली, तशीच आमच्या एकुलत्या एक विजयाची किंमतही शून्य धरली. म्हणूनच की काय, माझे म्हणणे पटले. संघाला आणखी एक वर्ष मिळाले.

तरीही कोणत्याही रकान्यात न मावणारी एक गोष्ट राहतेच. 2018 च्या मार्चमध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाचा अग्रमानांकित संघ, त्या गटात तळाचे मानांकन असलेल्या बाल्टिमोर काउंटीच्या संघाकडून 74–54 असा हरला. पुरुषांच्या त्या स्पर्धेत असे पूर्वी कधी घडले नव्हते. प्रतवारीत त्याहून हीन हार सापडणे कठीण. पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया अजिंक्य ठरला! हारीचे वजन सामन्याच्या दिवशी अर्धेच करता येते. उरलेले अर्धे हरणारा नंतर काय करतो त्यावर.

हे सारे मला मैदानापेक्षा वर्गात अधिक उपयोगी पडते. आमच्या शहराच्या पूर्व भागातून मुले येतात; त्यांच्या घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू. अक्कलकोटकडची कित्येक मुले कन्नडात विचार करतात. ती मराठीची उत्तरपत्रिका लिहितात तेव्हा परक्या मैदानावर खेळत असतात. प्रेक्षक आमचे, पंच आमचे, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा आमचे. अशा एका मुलीला मागच्या सत्रात बावन्न गुण पडले, आणि घरी मराठी पुस्तकांचे कपाट असलेल्या एका मुलाला एकोणसाठ.

मी तिचे गुण वाढवले नाहीत, वाढवूही नयेत. टोपलीत पडलेले चेंडू तेवढेच मोजायचे, हा पंचाचा धर्म आहे. पण पेपर परत देताना त्या मुलाला म्हणालो, "बरे आहे, आणखी वाचत जा." तिला म्हणालो, "बाहेरगावी जाऊन जिंकलीस, पोरी."

तिला ते कळले नाही. तिने शेजारणीला तेलुगूत काहीतरी विचारले आणि दोघी हसल्या. त्या क्षणी परक्या मैदानावर मी होतो.